वाटणी आधी, वाफा नंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे व्याख्यानमालेला जमतो, ते शाळेमागच्या पडीक जागेत मुलांकडून भाजी लावून घेत. निघालेली भाजी वस्तीत जिथे कुणी आजारी असेल, जिथे बाळंतीण असेल, त्या घरी मुलांच्याच हातून पोचवत. तुमच्यातल्या काहींनी त्या जुड्या स्वतः पोचवल्या आहेत. त्यामुळे विषय ठरवताना मला फार विचार करावा लागला नाही. शेजाऱ्यांच्या उपयोगी पडेल अशी सामायिक भाजीबाग शहरात कशी उभी करावी आणि उभी केलेली टिकवावी कशी, याबद्दल मी आज बोलणार आहे.

अशी बाग काढायची म्हटली की पहिला प्रश्न जागेचा निघतो, दुसरा पाण्याचा, तिसरा मातीचा. उगवलेलं कुणी न्यायचं, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. बहुतेक ठिकाणी तो पहिली काढणी झाल्यावर येतो आणि तोवर कुरबुर सुरू झालेली असते. ज्यांनी पाणी घातलं ते म्हणतात आमचा हक्क, ज्यांच्या इमारतीला लागून जागा आहे ते म्हणतात आमचा हक्क, आणि ज्यांच्यासाठी म्हणून बाग काढली ती माणसं कुंपणाबाहेरच राहतात. माझं सांगणं एवढंच आहे की हा क्रम बदलायला हवा. पहिली कुदळ मारण्याआधी वाटणीचा नियम ठरला पाहिजे, तो लिहिला गेला पाहिजे आणि सगळ्यांच्या देखत वाचला गेला पाहिजे.

हे शहाणपण आपल्याच मातीतलं आहे, पुण्यापासून फार दूरचंही नाही. पुरंदर तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळात पुण्यातले अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले. दुष्काळी कामांवर राबणारी माणसं त्यांनी पाहिली आणि पुढचं आयुष्य त्यांनी या प्रश्नाला दिलं. नायगावात देवस्थानची १६ हेक्टर माळजमीन त्यांनी कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाणी अडवलं, विहीर काढली आणि त्याच माळावर पीक घेऊन दाखवलं. पण बांध आपल्याकडे पुष्कळांनी घातले आहेत. साळुंखे यांचं वेगळेपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. अडवलेल्या पाण्याचं काय करायचं, याचे नियम त्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ठरवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

ते नियम आजही वाचताना अंगावर काटा येतो. पाणी माणसांच्या हिशेबाने मिळेल, जमिनीच्या हिशेबाने मिळणार नाही. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. आणि कुणाला किती पाणी गेलं हे बघायला गटानेच नेमलेला पाटकरी.

भूमिहीनाला पाण्यात वाटा, या एका नियमाचा विचार करा. ज्याच्याकडे शेत नाही त्याने पाणी घेऊन काय करायचं, असं कुणीही विचारील. पण पाण्याचा वाटा हातात आला की तो माणूस कोरडी जमीन असलेल्या शेतकऱ्याशी बरोबरीने बोलू शकतो. तुझी जमीन, माझं पाणी, पीक दोघांचं. आधी तो फक्त मजुरी मागू शकत होता. नियमाने माणसाची गावातली जागा बदलते, ती अशी.

आता हेच शहरातल्या बागेला लावून बघू. इमारतींच्या मध्ये, शाळेच्या आवारात किंवा आरक्षण पडून राहिलेल्या भूखंडावर पाच-दहा गुंठ्यांची जागा मिळाली, असं धरू. तिथल्या वाफ्यांवर हक्क कुणाचा? लागून असलेल्या सोसायटीच्या सभासदांचा म्हटला, तर तिथे काम करणारी मोलकरीण, रखवालदार, पलीकडच्या वस्तीतलं कुटुंब सगळेच गळतात. जो राबेल त्याचा म्हटला, तर गुडघे गेलेली आजी गळते, दोन पाळ्यांत काम करणारा बाप गळतो. या दोघांना भाजीची गरज सगळ्यांत जास्त असते. म्हणून मी साळुंखे यांचा हिशेब धरतो. वाटा माणशी. श्रम देणाऱ्याला मान द्या, निवडीचा पहिला हक्क द्या, पण श्रम न देऊ शकणाऱ्याचा वाटा त्यातून कापू नका. आणि ऊसबंदीसारखा एक नियम इथेही हवा. कुणीही आपल्या वाफ्यात वर्षभर जागा अडवणारं पीक लावायचं नाही. केळी, पपई, शेवगा लावायचा तर तो सामायिक कडेला, सगळ्यांच्या मालकीचा. फुलं विकण्यासाठी वाफा वापरायचा नाही. या गोष्टी आधी ठरल्या तर नियम असतात. नंतर ठरवायला गेलं की त्या कुणा एकावर रोखलेलं बोट होतात.

समाईक साधनं माणसं कशी सांभाळतात, याचा अभ्यास एलिनॉर ओस्ट्रॉम यांनी आयुष्यभर केला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावांची जंगलं, स्पेनमधले पाट, फिलिपिन्समधल्या पाणीसंस्था, अशी शेकडो वर्षं टिकलेली उदाहरणं त्यांनी एकमेकांशेजारी ठेवली. त्यातला एक निष्कर्ष बागेला फार उपयोगी आहे. नियम मोडणाऱ्याला पहिली शिक्षा अगदी हलकी असते, शब्दाचीच म्हणा ना, आणि ती पुन्हा पुन्हा मोडणाऱ्यासाठी वाढत जाते. आपल्याकडे उलट होतं. आधी सगळे गप्प बसतात, मनात साठवतात, आणि एके दिवशी थेट माणूस काढून टाकायचा ठराव येतो. चार काकड्या कुणी विचारल्याशिवाय नेल्या, तर त्याच संध्याकाळी त्याला विचारणं ही बाग वाचवण्याची गोष्ट आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्या देशात समाईक जागा कागदावर सर्वांची असली, म्हणून ती सर्वांची होत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद खुला केला. ठरावाची वाट न बघता, आपल्या दारातला. सामायिक बाग काढणाऱ्यांनी पहिला धडा घ्यायचा तर तो या हौदापाशी.

बागेत ही जातिभेदाची जुनी गोष्ट कुठे डोकं वर काढते, सांगतो. ती खताच्या खड्ड्यापाशी काढते. रोपं लावायला सगळे येतात, फुलं बघायला सगळे येतात, फोटोला तर येतातच. ओला कचरा उपसायची, शेण कालवायची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, त्या अमक्याला बोलवा, पैसे देऊन टाकू. आणि तो अमका कोणत्या वस्तीतला असतो हे इथे कुणाला सांगायला नको. ज्या बागेत खत एका जातीची माणसं करतात आणि भाजी दुसऱ्या जातीची माणसं नेतात, ती बाग कितीही हिरवी असो, मी तिला सामायिक म्हणणार नाही. खत वरखाली करायची पाळी प्रत्येक घराला यायला हवी. डॉक्टरच्या घराला, वकिलाच्या घराला, पाळीची यादी फळ्यावर लिहून. आयोजकांना हे अवघड वाटतं याची मला कल्पना आहे. पण तेवढं जमलं तर बाकीचं आपोआप सोपं होतं, असा माझा अनुभव आहे.

आता जागेकडे येतो. जागा मिळवण्यापेक्षा ती हातात राहणं कठीण असतं. या बाबतीत न्यूयॉर्कची हकीकत आपण नीट समजून घ्यायला हवी. १९७० च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. घरमालक इमारती सोडून जात होते, कित्येक जाळल्या जात होत्या, आणि कर थकल्यामुळे रिकामे भूखंड महापालिकेकडे जमा होत होते. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात लिझ क्रिस्टी नावाची चित्रकार राहत होती. तिने १९७३ मध्ये शेजाऱ्यांना जमवून बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ केला. हा गट स्वतःला हिरवे गनिम म्हणवत असे. कुंपणापलीकडच्या बंद जागांत ते माती, खत आणि बी यांचे गोळे फेकत. साफ केलेल्या भूखंडावर विटामातीच्या ढिगाऱ्यात काही रुजणार नाही हे दिसल्यावर त्यांनी बाहेरून माती आणून ६० उंच वाफे केले आणि त्यांत भाज्या लावल्या. १९७४ मध्ये महापालिकेने ती जागा महिना १ डॉलर भाड्याने दिली. १९७८ मध्ये अशा बागांना मदत करण्यासाठी महापालिकेने ग्रीनथंब हा कार्यक्रमच सुरू केला. शेकडो बागा झाल्या. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी त्यांत लाकडी झोपड्या बांधल्या, गावाकडच्या मिरच्या लावल्या, तिथेच वाढदिवस केले, तिथेच पत्ते कुटले.

पण या बागांकडे होता तो फक्त परवाना, तोही रद्द करता येईल असा. बागांमुळे गल्ल्या राहण्याजोग्या झाल्या, गल्ल्या राहण्याजोग्या झाल्या म्हणून जमिनीला भाव आला, आणि भाव आला म्हणून बागा विकायला निघाल्या. १९९९ मध्ये महापौर रूडी ज्युलियानी यांच्या प्रशासनाने शंभरावर बागा लिलावात काढल्या. आंदोलनं झाली, खटले झाले. लिलावाच्या तोंडावर ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही संस्था आणि गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांनी उभारलेली न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट यांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर मोजले आणि त्या बागा विकत घेतल्या. शहरातल्या सगळ्याच बागा मात्र वाचल्या नाहीत. एस्पेरांझा नावाची बाग फेब्रुवारी २००० मध्ये बुलडोझरखाली गेली. पुढे २००२ मध्ये राज्याचे अॅटर्नी जनरल आणि नवे महापौर यांच्यात समझोता झाला आणि उरलेल्या बहुतेक बागांना संरक्षण मिळालं.

या हकिकतीतला सगळ्यांत मोलाचा भाग लिलावानंतरचा आहे. ट्रस्ट फॉर पब्लिक लँडने घेतलेल्या जमिनी पुढे स्थानिक भूविश्वस्त संस्थांकडे दिल्या. त्या संस्थांचा कारभार बाग करणारी माणसंच बघतात. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं राबल्यावर अखेर हातात कागद आला. तो पहिल्याच वर्षी मागायला हवा होता, असं मी म्हणणार नाही. त्या वेळी त्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं आणि म्हणूनच बाग होऊ शकली. पण आपण पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात १९७३ मध्ये नाही. आपल्याकडे प्रत्येक चौरस फुटावर आधीच कुणाची तरी नजर आहे. म्हणून आपण मातीला हात लावण्याआधी कागद घेतला पाहिजे.

कागद कसा असावा? जागा महापालिकेची असेल तर निदान पाच वर्षांचा लेखी करार, ज्यात पाण्याचं कनेक्शन, वेळा आणि बंद करण्याआधी द्यायची मुदत लिहिलेली असेल. एक पीक पूर्ण होईल एवढी तरी ती मुदत हवी. शाळेची किंवा सोसायटीची जागा असेल तर कार्यकारी समितीच्या बैठकीतल्या होकारावर विसंबू नका, वार्षिक सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, समित्या बदलतात. आणि करारात एक अट आपणहून घाला, की बागेचं फाटक आठवड्यातले ठरावीक तास कुणालाही उघडं राहील. मुंबईत मोकळे भूखंड खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणावर एवढा वाद का झाला? सांभाळायला दिलेली मैदानं काही ठिकाणी क्लब झाली आणि मुलं बाहेर राहिली, म्हणून. चांगल्या हेतूने आपण सार्वजनिक जागेला कुंपण घालतो, तेव्हा तो हेतू आपल्यानंतर येणाऱ्यांचाही असेल याची खात्री फक्त कागद देतो.

कुंपणच नको, असंही एक मत आहे आणि ते आदर वाटावा असं आहे. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गिरणगावात २००८ पासून पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी गावभर भाज्या लावल्या आहेत. पोलीस ठाण्यासमोर मका, रेल्वे स्थानकावर स्वयंपाकाची पानं, दवाखान्याच्या आवारात औषधी वनस्पती. कुणीही यावं, खुडावं, न्यावं. मला हे फार आवडतं. आपल्याकडे मात्र मोकाट गुरं, शेळ्या आणि रात्री वाफ्यातून जाणाऱ्या दुचाकी यांचा विचार करता, कमरेएवढं कुंपण आणि त्या ठरावीक तासांत कुलूप नसलेलं फाटक हे मला योग्य वाटतं. रस्त्याकडच्या बाजूला मात्र टॉडमॉर्डनसारखी एक पट्टी ठेवावी. गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, ओवा. जाणाऱ्या-येणाऱ्याने न विचारता चार पानं न्यावीत.

आता माती. मला या विषयावर तासभर बोलता येईल, पण श्रीपाद अच्युत दाभोलकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार नावाचं शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं. शेतकऱ्याने स्वतः मोजायचं, नोंदवायचं आणि पत्राने दुसऱ्याला कळवायचं. सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी जी मजल मारली, तिच्यामागे ही पद्धत आहे. त्यांचा आग्रह असा, की थोडक्या जागेतही सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा यांचा नीट हिशेब केला तर कुटुंबाला पुरेल एवढं पिकू शकतं. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव. त्यांच्या विचारावर दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा इथे काम केलं आणि अमृत माती तयार करण्याची रीत बसवली.

शहरातल्या बागेसाठी ही रीत सोन्यासारखी आहे, कारण शहरात माती नसते. असतो तो राडारोडा. अमृतजल करायचं ते असं. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळायचं. मग ते दहापट पाण्यात मिसळायचं. वाळलेला पालापाचोळा, उसाचं चिपाड, गवत असं जे मिळेल ते यात दिवसभर भिजवायचं आणि १० फूट लांब, ३ फूट रुंद, १ फूट उंच असा ढीग थरांवर थर देऊन रचायचा. मधे मधे मूठ मूठ चांगली माती. दर आठवड्याला वरखाली करायचा. महिन्याभराने त्यात नाना तऱ्हेची धान्यं, कडधान्यं, तेलबिया पेरायच्या, आणि ती वेगवेगळ्या वयात कापून पुन्हा ढिगातच जिरवायची. कोवळ्या पानातून वेगळी द्रव्यं मिळतात, जून पानातून वेगळी. साडेचार-पाच महिन्यांत जे हाती येतं ते काळं, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. ३ फूट रुंदी का? दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाच महिने वाट कशी बघायची, असं विचारणारे भेटतात. तेच महिने नियम ठरवायला आणि शेजारी ओळखीचे व्हायला लागतात, त्यामुळे ते वाया जात नाहीत.

पालापाचोळा कमी पडत नाही. आपण तो जाळतो. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम वाळलेली पानं ज्यांच्याकडे नकोशी झाली आहेत आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून देतो. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी याच वाटेने गच्चीवर बाग केली. मुंबईतले डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर चिपाड आणि थोड्या मातीत भाजी घेत, ती त्यांची पद्धत आणि स्वयंपाकघरातला रोजचा ओला कचरा, एवढ्या भांडवलावर. कामगारांच्या जेवणातली देठं-सालं गच्चीवर गेली आणि तिथे फळझाडंही उभी राहिली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर तो शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. मोठ्या सोसायट्यांना खत करावंच लागतं, पण झालेलं खत कुठे घालायचं हे त्यांना कळत नाही. त्यांच्या शेजारची बाग हे त्याचं उत्तर आहे.

दोन धोके सांगून ठेवतो. पहिला रस्त्याकाठच्या मातीचा. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० सालापर्यंत विकलं जात होतं आणि शिसं मातीतून निघून जात नाही. जुन्या रंगांच्या खपल्यांतूनही ते येतं. म्हणून वाहत्या रस्त्याजवळ असाल तर माती तपासून घ्या, बाहेरून आणलेल्या किंवा तयार केलेल्या मातीचे उंच वाफे करा, आणि पालेभाजीऐवजी दोडका, दुधी, घेवडा अशी फळभाजी लावा. फळांत शिसं पानांपेक्षा आणि मुळांपेक्षा कमी जातं. दुसरा धोका डासांचा. डेंगीच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणी आणि आठ-दहा दिवस पुरतात. पाण्याची पिंपं झाकलेली हवीत आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या झाल्या पाहिजेत. एका मुलाला डेंगी झाला तर शेजारी बाग बंद करायला सांगतील आणि ते बरोबर असेल.

काय लावायचं, हे मी सांगणार नाही. ते शेजाऱ्यांना विचारा. आपल्या शहरांत सगळा महाराष्ट्र राहतो, आणि महाराष्ट्राबाहेरचाही. विदर्भातून आलेल्या घराला अंबाडी हवी असते. कोकणातल्या बाईला अळू कुठल्या सांडपाण्याच्या कडेला लावू नये आणि कुठे लावावं हे माहीत असतं. माण-खटावच्या आजीला घोळ ओळखायला येते, जिला आपण तण म्हणून उपटतो. या बायका शहरात येऊन धुणीभांडी करतात आणि त्यांच्या ज्ञानाला इथे काडीचीही किंमत नसते. बागेत ती किंमत एका क्षणात परत येते. चार तरुण अभियंते रोपं का पिवळी पडली म्हणून फोनमध्ये बघत असतात, आणि पलीकडून एक मावशी येऊन सांगते, पाणी जास्त होतंय रे बाळा. मी हे घडताना पाहिलं आहे. त्यानंतर त्या मावशीला सगळे नावाने ओळखायला लागले. बाग शेजाऱ्यांची सेवा करते असं आपण म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त भाजीची जुडी नसते.

बागेने शहराचं पोट भरेल, असं मात्र कुणाला सांगू नका. गहू, तांदूळ, डाळ, तेल शेतातूनच येणार. बाग देऊ शकते ती ताजी पालेभाजी, कोथिंबीर-मिरची, पावसाळ्यातल्या वेलभाज्या, थोडी फळं. ज्या घरात महिनाअखेरीस भाजी बंद होते आणि जेवण भात-डाळीवर येतं, तिथे एवढंही पुष्कळ आहे. संकटात मात्र सरकारंही अशा बागांना जागा देतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये १८९३ च्या मंदीनंतर महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातल्या पडीक जमिनी बेकारांना बटाटे लावायला दिल्या. पहिल्याच वर्षी सुमारे ४३० एकर. इतर शहरांनी अनुकरण केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जवळपास दोन कोटी घरांनी भाज्या लावल्याचा अंदाज आहे. आपल्याकडेही १९४३ पासून अधिक धान्य पिकवा मोहीम होती. मंदी संपली, युद्ध संपलं आणि त्यांतल्या बहुतेक शहरी बागा मिटल्या. संकटाच्या वेळी जागा देणारं सरकार संकट सरलं की ती परत घेतं. क्यूबाने सोव्हिएत संघ कोसळल्यावर हवानात ज्या भाजीबागा काढल्या, त्या अजून चालू आहेत, कारण तिथे लोकांना जमीन वापरण्याचा हक्क देण्यात आला होता. आपल्याला संकटाची वाट बघायची गरज नाही. बागेला वाचनालयासारखं नगराचं कायमचं अंग मानावं, अंदाजपत्रकात तिची ओळ असावी, ही माझी मागणी आहे. वाचनालय जसं पुस्तक न वाचणाऱ्याच्या करातूनही चालतं आणि कुणी तक्रार करत नाही, तसंच हे.

सुरुवात कशी करावी, असं मला नेहमी विचारतात. रोपं आणू नका. आधी जागेभोवतीच्या घरांत जा. संध्याकाळी जा, सुट्टीच्या दिवशी जा, पुरुष घरी नसताना बायकांशी बोला. आठवड्यात भाजी किती दिवस होते, कुठली परवडत नाही, घरात आजारी कोण, कुणाचे हात रिकामे आहेत, कुणाला गावाकडची शेती येते, हे विचारा. एक वही करा. मग बैठक घ्या, ती वस्तीत घ्या, सोसायटीच्या दिवाणखान्यात नको. त्या बैठकीत वाटणीचे नियम ठरवा आणि शंका असेल तिथे गरजूच्या बाजूने ठरवा. त्यानंतर कागद, त्यानंतर नळ, त्यानंतर माती. या क्रमाला एक दाखला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेत होती आणि गावाचे अभ्यासगट चालत होते. जंगल हातात आलं तेव्हा ते सांभाळायची सवय गावाला आधीच लागलेली होती.

शेवटी एक विनंती. पुणे महापालिका २००६ पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि कुणीही नागरिक तो भरू शकतो. आपण त्यात बाक मागतो, पदपथ मागतो, दिवे मागतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी दहा जणांनी जरी यंदा आपल्या प्रभागात सामायिक भाजीबागेसाठी जागा, नळ आणि पाच वर्षांचा लेखी करार मागितला, तर त्या दहा अर्जांची दखल घ्यावी लागेल. अर्जाला वाटणीचे नियम जोडा, आणि त्याखाली सोसायटीच्या सह्यांबरोबर शेजारच्या वस्तीतल्या सह्याही घ्या.